काही उरलं का?

रोज एकाच रस्त्यानं चालणाऱ्या माणसांची आपसात एक चमत्कारिक ओळख असते. नाव माहीत नसतं, घर माहीत नसतं, पण तो माणूस दोन दिवस दिसला नाही की आपल्यालाच चुकल्यासारखं होतं. धामणगाव बढे इथं माझी बदली झाली त्या वर्षी डॉक्टरांनी माझी साखर बघितली आणि म्हणाले, स्कूटी विकून टाका. मी विकली नाही. घरमालकिणीच्या गोठ्यात लावून ठेवली आणि गावातल्या खोलीपासून उपकेंद्रापर्यंत सकाळच्या पाळीला पायी जायला लागले.

मी वीज कंपनीत ऑपरेटर. उपकेंद्र गावाबाहेर, शेतांच्या मधोमध. वाटेत एक उतार, ओढ्यावरचा एक बुटका रपटा आणि दोन्ही अंगाला कापूस. इकडं कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात, आणि त्या वर्षांत नजर जाईल तिथवर बीटीची पऱ्हाटीच होती. ज्वारी कुणी पेरली तर लोक त्याच्याकडे बघून हसत.

रस्त्यावरची माणसं हळूहळू ओळखीची झाली. उतारावर पेट्रोल वाचवायला मोटारसायकलचं इंजिन बंद करणारा दूधवाला. गुडघ्यांसाठी उलटं चालणारे एक निवृत्त तलाठी. निंदणाला निघालेल्या, सदा भांडत चालणाऱ्या दोघी जावा. त्यांना माझं नाव कधीच कळलं नाही. मी ‘लाइटवाल्या मॅडम’. दिसले की पहिला प्रश्न, “मॅडम, वावरातली लाइट कधी येते?” सुरुवातीला मी वेळापत्रक सांगत असे. पुढं पुढं कंटाळून म्हणायची, “लाइट काय माझ्या पर्समध्ये असते का?” त्यावर सगळे हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे.

लाइटबद्दल कधीच विचारलं नाही असा एकच माणूस होता. कासमचाचा. पिंजारी. उंच, वाळलेला, मेंदी लावलेली दाढी, भुवयांत कायम कापसाची कुसं अडकलेली. खांद्यावर पिंजायची कमान, तीही त्याच्याहून लांब. फोमच्या गाद्या घरोघरी आल्यापासून त्याचं काम जवळजवळ संपलं होतं. “मॅडम, ज्याच्या वावरात ट्रकभर कापूस, तो बी बजारातून फोम आणते,” असं तो सांगे, पण चिडून नाही. त्याला चिडताना मी पाहिलंच नाही.

पहिल्यांदा त्यानं मला रपट्यावर अडवलं आणि विचारलं, “मॅडम, घरी काही उरलं का?”

मला वाटलं, भाकरी मागतोय. मी डबा उघडायला गेले तर तो संकोचून मागे सरकला.

“नाई नाई, तसं नाई. औषद. फवाऱ्याचं औषद.”

“मी कुठं शेती करते चाचा?”

“हाव, ते बी हायेच. इचारून ठेवलं आपलं.”

आणि त्यानंतर दर महिन्याला एकदा तो मला हेच विचारून ठेवत असे.

गावात सगळ्यांना तो हेच विचारी. दारासमोर उभा राहून कमानीची तार एकदा छेडायचा, टण्ण करून. मग मान एका अंगाला कलती करून थांबायचा. आतून कुणीतरी बोललं की मगच म्हणायचा, “काही उरलं का?” फवारणीनंतर बाटलीच्या तळाशी राहिलेलं कीटकनाशक त्याला हवं असे. कशाला, तर ढेकणांना. जुन्या गाद्यांत, बाजांच्या सांध्यांत ढेकूण फार, त्यावर मारायला लागतं, असं त्याचं म्हणणं. फुकट मात्र तो घेत नसे. बाटली दिली की ओट्यावर बसून तुमची एक जुनी उशी उसवायचा, कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. त्या रस्त्यावरची निम्मी घरं कासमचाचाच्या उशांवर झोपत असतील.

त्याची सगळ्यात जास्त टिंगल करायचा तो सदाशिव. गाव संपताना डाव्या हाताला शेवटचं घर त्याचं, आणि घराला लागूनच शेत. सकाळी बाभळीची काडी चावत तो रस्त्याच्या कडेला उभा असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा समाचार घ्यायचा. तलाठ्यांना म्हणे, “साहेब, उलटे चालून नोकरीत वापस चालले का?” मला म्हणे, “मॅडम, लाइट आली का तुम्हीच आल्या नुसत्या?” त्याची बायको वत्सला अंगण झाडता झाडता त्याला आवरायची. “राहू द्या ना, सकाळी सकाळी लोकाइले काऊन पिडता?”

चाचा दिसला की सदाशिवाला विशेष चेव येई.

“चाचा, एवढं औषद नेता. ढेकनं मरतात का त्याच्यावर पोसतात?”

“मरतात बी, वाढतात बी,” चाचा म्हणायचा.

“मले तं असं ऐकू आलं का तुम्ही बाटल्या भरून दुकानदारालेच वापस इकता.”

“तू घे ना मंग माह्याकडून. सस्ती देईन.”

वत्सला हसत आत जायची आणि बाटली आणून द्यायची. पण हे विकण्याचं बोलणं गावात खरंच होतं. एवढ्या बाटल्या जातात कुठं, हे कुणालाच कळत नव्हतं.

मलाही त्याच्याबद्दल फारसं चांगलं वाटत नव्हतं, त्याला एक कारण झालं. माझ्या खोलीतल्या खाटेत ढेकूण झाले. रात्रभर झोप नाही, अंगावर गांधी उठलेल्या. मी सकाळी चाचाला गाठलं. म्हटलं, चाचा, बरं झालं भेटलात, थोडंसं ढेकणांचं औषध द्या. त्याच्या पिशवीत दोन बाटल्या मला दिसत होत्या. चाचा एकदम गडबडला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“नाई मॅडम. हे नाई देता येत.”

“अहो, ढेकणांसाठीच तर नेता ना तुम्ही?”

“हाव. पण तुम्ही गादी उनात टाका. खाटेवर उकळतं पानी ओता. तेच्यानं जातात.”

आणि तो चक्क लगबगीनं निघून गेला. मी मनात म्हटलं, काय कंजूष माणूस आहे. संध्याकाळी घरी आले तर तो अंगणात हजर. माझी गादी त्यानं घरमालकिणीकडून मागून घेतली होती, दिवसभर उन्हात टाकली होती, खाटेवर चार-पाच पातेली उकळतं पाणी ओतलं होतं. पैसे घेतले नाहीत. औषधाचा थेंबही दिला नाही. मला त्या माणसाचा काही ताळमेळच लागेना.

तो लागला एका दुपारी. पाळी संपवून परत येत होते. रपट्याच्या पलीकडे एक पडीक तुकडा होता. चहूकडे पऱ्हाटी आणि मध्ये तेवढं गवत माजलेलं. रोज बघायचे, कुणाचं म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवशी आत कासमचाचा दिसला. कुदळीनं खड्डा खणत होता. बाजूला बाटल्यांची रांग, झाकणं घट्ट, वरून चिंध्या बांधलेल्या. एकेक बाटली तो खड्ड्यात आडवी ठेवत होता. मी बांधावरून हाक मारली तसा दचकला, मग म्हणाला, “या मॅडम. आता पाह्यलंच तं या.”

मी बांधावर बसले. त्यानं खड्डा बुजवला. मग घाम पुसून म्हणाला, “हे युसूफचं वावर.”

“युसूफ कोण?”

“माहा धाकटा भाऊ. मी पिंजाले जाये, तो वावर करे. त्या साली औषद आणाले मीच गेल्तो. दोन बाटल्यांत भागलं असतं. दुकानदार म्हणे, चाचा, अळी लय हाय, तिसरी बी न्या. आणली. मंग ते उरलं. मीच कोनाड्यात ठेवलं, पुढच्या साली कामी येईन म्हून.”

तो माती सारखी करत राहिला.

“तो गेला तवा मी घरीच होतो मॅडम. अंगणात गादी पिंजून राह्यलो होतो. एवढी मोठी कमान, तिचा आवाज केवढा. आतलं मले काहीच ऐकू आलं नाई.”

दारासमोर तार छेडून तो मान कलती करून का थांबतो, ते मला तेव्हा कळलं. मला त्याच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “पण चाचा, लोकांना सरळ का सांगत नाही? ढेकणांचं सोंग कशाला?”

“सरळ कसं सांगू? तुमच्या घरी कोणी पिऊन टाकन, म्हून द्या, असं म्हणता येते का कोणाच्या दारात? ढेकनाले म्हटलं का हासतात, पण देतात. हासू द्या.”

विहिरीचं काय, पाण्यात उतरेल ना ते, असंही मी विचारलं. तो म्हणाला की विहीर त्यानं आधीच बुजवली होती. ते शेत त्यानं विकलं नव्हतं, पेरलंही नव्हतं.

“कोणाले सांगू नका मॅडम,” एवढंच तो निघताना म्हणाला. मी सांगितलं नाही. त्यानंतर मात्र घरमालकिणीकडं, ओळखीपाळखीत, कुणाकडं अर्धी बाटली दिसली की मी म्हणायची, ती कासमचाचाला देऊन टाका हो, बदल्यात उशी मिळेल.

पुढच्या वर्षी बोंडअळी आली. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी सुद्धा नाही. बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं, आणि आत सगळं खाऊन झालेलं. बीटीवर अळी येत नाही म्हणून सगळे निर्धास्त होते, त्यामुळे आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग फवारणी सुरू झाली. सकाळी रस्त्यावर औषधाचा उग्र वास आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं. चाचाची पिशवी त्या दिवसांत रिकामी राहू लागली. कुणी काही देईना. सगळ्यांनाच वाटे, अजून एक फवारा मारावा लागेल.

त्या रस्त्यावर सगळ्यात देखणी पऱ्हाटी सदाशिवाची होती. झाडं छातीएवढी, बोंडांनी वाकलेली. लोक म्हणत, अबे, चार बोंडं फोडून तं पाह्य. तो फोडत नसे. पहिली वेचणी करायच्या आधी इकडं सीतादही करतात. शेतात जाऊन दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, पऱ्हाटीला कापसाचा धागा गुंडाळतात, मग वेचायला हात लावतात. सदाशिव म्हणे, “सीतादहीलेच पाहीन. तवर माह्या वावरात हात लावाचा नाई कोणी.”

एके दिवशी चाचा माझ्याबरोबर रपट्यापर्यंत चालत आला. म्हणाला, “मॅडम, सदाशिव आजकाल नावं ठेवत नाई कोणाले. ध्यान देलं का?”

खरंच होतं ते. काडी तोंडात असायची, उभा राहायचा, पण कुणाची टिंगल नाही. तलाठी साहेब उलटे चालत त्याच्या पुढून गेले तरी गप्प.

“त्याच्या पडवीत भरलेली बाटली हाय,” चाचा म्हणाला. “मी पाह्यली.”

चाचानं मग त्याच्याकडे रोज जायला सुरुवात केली. बाटली मिळायच्या आधीच त्यानं त्याची उशी उसवून, पिंजून, नवीन खोळ शिवून दिली. सदाशिव ओशाळला असावा. म्हणाला, “चाचा, सीतादहीच्या दिवशी सकाळीच घेऊन जा. मंग फवारा बंदच करतो.” हे माझ्यादेखत झालं. चाचाचा चेहरा इतका मोकळा झाला की त्या दिवशी त्यानं मला विनाकारण पेरू दिला.

सीतादहीच्या सकाळी मी जरा लवकरच निघाले होते. सदाशिवाच्या अंगणात सडा, रांगोळी. ओट्यावर दह्याचं गाडगं. वत्सला नवी साडी नेसून नैवेद्याचं बांधत होती. चाचानं फाटकाशी तार छेडली, थांबला. तिनं आतून आवाज दिला, मग बाहेर आली.

“काही उरलं का पोरी? सदाशिवनं आज बलावलं होतं.”

वत्सला जरा अडखळली. “चाचा, आज आमच्या घरातून काही बाहेर देत नाई. आज लक्ष्मी याची हाय ना. त्याइच्या ध्यानात राह्यलं नसन. उद्या सकाळी या, मी सोता काढून ठेवीन.”

चाचानं दह्याच्या गाडग्याकडं पाहिलं. गावातल्या कुठल्या घरात कोणत्या वारी काय चालत नाही, हे त्याला पाठ होतं. कुणाच्या उपासाला, कुणाच्या सणाला त्याच्याकडून कधी चूक झाली नव्हती. त्यानं पुढं केलेली पिशवी मागे घेतली.

“चुकलंच माह्यं. सणाच्या दिवशी असली चीज मांगू नये. उद्या येतो.”

दुपारी परत येताना मी शेताकडं पाहिलं. पहिल्या ओळीतल्या पऱ्हाटीला धागा गुंडाळलेला होता. सदाशिव बांधावर बसून बोंडं फोडत होता. एक फोडायचा, बघायचा, बाजूला ठेवायचा, दुसरं तोडायचा. समोर ढीग झाला होता. वत्सला त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि नैवेद्याचं ताट अजून तिच्या हातात होतं. मला बघून सदाशिवानं सवयीनं विचारलं, “मॅडम, लाइट हाय का?”

मी म्हटलं, “आहे.”

“बरं,” तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी उतारावरूनच मला त्या घरापुढची गर्दी दिसली. रडण्याचा आवाज त्याआधीच आला होता. कासमचाचा गर्दीत नव्हता. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, विजेच्या खांबाला धरून उभा होता. खांद्यावर कमान होती. मला बघून तो काहीतरी म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही. जवळ गेले तेव्हा पुन्हा म्हणाला, “मी आलो होतो मॅडम. वाजवाच्या आधीच आतून आवाज आला.”

मी बाई असून त्या घरात शिरायचं धाडस मला झालं नाही. मी त्याच्याजवळच उभी राहिले आणि रडले.

त्यानंतर चाचा चालायचा थांबला नाही, पण सदाशिवाच्या घराजवळ आला की रस्ता ओलांडून पलीकडे व्हायचा. मान खाली घालून, भराभर. तिथं तार वाजवायचा नाही. बाकीच्या घरांत आता लोक न मागताच बाटल्या देत होते, कुणी हसत नव्हतं. पण त्यालाच मागायला अवघड होऊ लागलं होतं. वत्सला अंगण झाडताना त्याला बघायची आणि झाडू तसाच धरून उभी राहायची. दोघांनाही एकच गोष्ट छळत होती, हे रस्त्यावरच्या आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांना ते बोलून दाखवायला कुणी जाणार नव्हतं.

शेवटी वत्सलाच आली. हिवाळा सरत आला होता. चाचा नेहमीप्रमाणे पलीकडे झाला तर ती रस्ता ओलांडून त्याच्या पुढं उभी राहिली. मी मागून येत होते, तिथंच थबकले.

“चाचा, थांबा.”

तो थांबला. वर पाहिलं नाही.

“उशी घेतली होती आम्ही,” ती म्हणाली. “औषद द्याचं राह्यलं.”

पदराखालून तिनं बाटली काढली. अर्धी भरलेली. “हे दुसरं हाय. गोठ्यात होतं. आता घरात काही नाई, सारं पाह्यलं मी.”

“पोरी, त्या दिवशी मी हटून बसाले पाह्यजे होतं. सण गेला असता खड्ड्यात.”

“उद्या या म्हून मीच म्हटलं ना तुमाले.”

“मी ऐकलं काऊन?”

दूधवाला इंजिन बंद करून उतारावरून येत होता. आम्हाला बघून त्यानं ब्रेक दाबला आणि मोटारसायकल तशीच धरून उभा राहिला. चाचानं दोन्ही हात पुढं करून बाटली घेतली.

“ह्याचं काय करता तुम्ही, खरं सांगा,” वत्सलानं विचारलं.

“पुरतो.”

“कुठी?”

त्यानं रपट्याकडं हात केला. ती म्हणाली, “चला, मले दाखवा.” ती पुढं निघाली आणि तो तिच्या मागे. त्या दिवशी मला पाळीला उशीर झाला. युसूफच्या शेतात खड्डा वत्सलानं खणला. चाचाची कुदळ तिनं हातातून काढूनच घेतली.

वर्षभरानं माझी बदली झाली. तोवर चाचाची छाती पार गेली होती. आयुष्यभर नाकातोंडात गेलेला कापूस, डॉक्टर काय करणार. चार पावलं टाकली की दम लागे. घरोघरी जायचं काम वत्सलानं घेतलं होतं. शेतातलं उरकायच्या आधी ती एक फेरी मारी. तिच्याजवळ कमान नव्हती आणि ढेकणांचं सोंगही नव्हतं. एकदा मी ऐकलं, एका दारात ती म्हणत होती, “जहर उरलं असन तं दे बापा. माह्या घरी उरलं होतं.” जहर हा शब्द मी त्या रस्त्यावर तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चाचासकट सगळे औषधच म्हणत.

निघायच्या सकाळी माझं सामान टेम्पोनं आधीच गेलं होतं. मी बसनं निघाले. इतकी वर्षं चाललेला रस्ता बसमधून भराभर मागे पडायला लागला आणि मला ते फार वाईट वाटलं. तलाठी साहेब उलटे चालत होते, त्यांचा चेहरा बसकडं होता, त्यांनी हात केला. रपटा ओलांडला आणि चाचा दिसला. युसूफच्या बांधावर बसला होता. मांडीवर कमान, शेजारी कुदळ, तोंड गावाकडं. मी खिडकीतून हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेली नसावी.

मी मागे वळून बघत राहिले. रपट्यावरून वत्सला येत होती. पिशवी जड असावी, ती मध्येच थांबून हात बदलत होती. चाचानं तिला पाहिलं. कमान बांधावर ठेवून तो उठला, दम घेत घेत तिच्याकडं गेला, आणि पिशवीचा एक बंद त्यानं आपल्या हातात घेतला.